बघणाऱ्यांनी काय करावे?

वसतिगृहात पावरी बोलणाऱ्या मुलाचे मराठी चुकले की एक जण चिडवतो आणि बाकीचे हसतात. त्या हसण्यानेच चिडवणाऱ्याला बळ येते. शेवटी मूल पेटी उचलून घरी येते आणि शाळा सुटते. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात तयार झालेली ‘किवा’ पद्धत म्हणूनच बघ्या मुलांना शिकवते.

हसू नका. ‘चल, जेवायला जाऊ’ म्हणून त्याला तिथून न्या. चिडवणाऱ्याशी मारामारी नको. तो राग पुन्हा त्याच मुलावर निघतो. एकांतात त्याचे ऐका. त्याला विचारून, त्याच्यासोबत अधीक्षकांकडे जा. आठवड्याने पुन्हा चौकशी करा. मारहाण होत असेल तर १०९८ वर कळवा.

बंधुभगिनींनो, सुट्टीत आलेल्या मुलाला गुणांआधी विचारा, “जेवताना तुझ्याशेजारी कोण बसतं?”