शर्यतीतला तो हात

'बेन-हर' म्हटलं की आपल्याला रथांची शर्यत आठवते. ही किमया विल्यम वायलर यांच्या १९५९ च्या चित्रपटाची. अकरा ऑस्कर मिळवणारा हा चित्रपट एका कादंबरीवर बेतलेला आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेले जनरल ल्यू वॉलेस यांची ही कादंबरी १८८० साली आली. बहुतेकांप्रमाणे मीही सिनेमा आधी पाहिला, पुस्तक नंतर वाचलं. वाचताना दोन ठिकाणी थबकलो.

गोष्ट येशूच्या काळातली. ज्यूडा बेन-हर हा जेरुसलेमचा श्रीमंत ज्यू तरुण, मेसाला त्याचा रोमन बालमित्र. ज्यूडाच्या गच्चीवरून एक कौल निसटतं आणि खालून चाललेला रोमन सुभेदार जखमी होतो. मेसाला मित्राला वाचवत नाही. ज्यूडाच्या वाट्याला गलबतावर वल्ही मारण्याची शिक्षा येते, आई आणि बहीण तुरुंगात जातात. तिथून सुडाचा प्रवास सुरू होतो.

आता फरक पाहा. कादंबरीत ते कौल ज्यूडाच्याच हाताखालून नकळत निसटतं. चित्रपटात ते बहिणीच्या हातून पडतं. कादंबरीत शर्यत अँटिओकला होते. तिथे ज्यूडा लगामाला हलकीशी ओढ देऊन आपल्या आसाचं लोखंडी टोक मेसालाच्या चाकावर नेमकं आणतो. चाक मोडतं, मेसाला जन्माचा पांगळा होतो. गर्दीला ती चलाखी दिसत नाही, वाचकाला दिसते. चित्रपटात शर्यत जेरुसलेमला आहे आणि चाकाला धारदार दाते लावून येतो तो मेसाला. त्याच दात्यांपायी तो पडतो आणि मरतो. नायकाचे हात दोन्ही वेळा स्वच्छ राहतात.

चित्रपटाची एक गोष्ट मात्र मला कवी म्हणून फार भावते. येशूचा चेहरा त्यात एकदाही दिसत नाही, आवाजही ऐकू येत नाही. तहानलेल्या कैद्याला पाणी पाजणारे हात तेवढे दिसतात, आणि ते पुरतात.

तरी क्षमेची गोष्ट मला कादंबरीत अधिक खरी वाटते. तिथला ज्यूडा येशूला राजा करण्यासाठी गॅलिलीत गुप्त फौजही उभी करतो. हा राजा लढणारच नाही, हे त्याला शेवटी उमगतं. ज्याने स्वतः चाक मोडलं, त्याला तलवार खाली ठेवणं अवघडच जाणार.

सिनेमा पुन्हा पाहाल तेव्हा शर्यतीचं ते प्रकरण आधी वाचा. मेसालाचं चाक मोडताना तुमची नजर आपोआप ज्यूडाच्या हाताकडे जाईल.