कॅप तुटली? आधी खालचा दात बघा!

रूट कॅनॉल झालं, दाढेवर कॅप बसली, की विषय संपला असं आपण धरून चालतो. मग एक दिवस मेसच्या भातातला खडा नाहीतर चिक्कीचा तुकडा दाताखाली येतो, ‘कट्’ असा आवाज होतो आणि जिभेला धारदार कड लागायला लागते. दुखत तर काहीच नाही! मग ‘सबमिशन झाल्यावर बघू, परीक्षा झाल्यावर बघू’ सुरू होतं. खरी गडबड इथेच होते.

आधी बघू, कॅप तुटते का? बऱ्याच कॅपमध्ये आत धातूची टोपी आणि वर दाताच्या रंगाचं पोर्सेलिन असतं. पोर्सेलिन म्हणजे सिरॅमिक. दाब भरपूर सोसणार, पण ताण आला की कच्चं. दाढांनी पूर्ण जोर लावून चावलं तर तो साधारण ५०० ते ७०० न्यूटन भरतो, म्हणजे ५० ते ७० किलोचं वजन! एवढा जोर खड्याच्या टोकावर एकवटला की पोर्सेलिनचा टवका उडतो. म्हणून कॅपसाठी धातू असा निवडतात, की भट्टीतून काढल्यावर तो पोर्सेलिनपेक्षा किंचित जास्त आकसतो. त्यामुळे पोर्सेलिन कायम दाबाखाली राहतं. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचीच आयडिया!

हल्ली झिर्कोनियाची कॅपही बसवतात. त्यात भेग पुढे सरकायला लागली की तिच्या टोकाजवळचे स्फटिक रचना बदलतात, सुमारे ४ टक्के फुगतात आणि भेगेला आवळून धरतात. झिर्कोनियाचा हा गुण गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को यांनी १९७५ साली ‘नेचर’मध्ये मांडला होता. ही कॅप सहसा फुटत नाही. पण तिच्या आतला दात किडायचा किंवा मोडायचा तो मोडतोच.

म्हणून ‘कॅप तुटली’ म्हणजे नक्की काय झालं, हे महत्त्वाचं. प्रकार तीन:

१) फक्त टवका उडाला. छोटा असेल तर डॉक्टर घासून गुळगुळीत करतात किंवा तोंडातच कॉम्पोझिट भरतात. मोठा असेल तर नवी कॅप.

२) कॅप अख्खी निघाली, पण दात शाबूत आहे. साफ करून तीच कॅप पुन्हा सिमेंटने बसवता येते.

३) कॅपबरोबर आतला दातही मोडून आला. हा खरा धोका.

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते ना? ती लाकडाला चहूबाजूंनी आवळते, म्हणून चाक फाकत नाही. कॅपचंही तसंच. तिच्या कडेने हिरडीच्या वर चांगल्या दाताची दीड ते दोन मिलिमीटर उंची सगळीकडून पकडली पाहिजे. तेवढा दात उरला नाही, तर नवी कॅप टिकणं अवघड होतं आणि कधी कधी दातच काढावा लागतो.

आता ‘दुखत नाही’चं कोडं. रूट कॅनॉलमध्ये दाताची नस काढून टाकलेली असते. त्यामुळे आत कीड लागली तरी दात ओरडत नाही. अलार्मची वायरच कापलेली! उघड्या फटीतून लाळ आणि जंतू आत शिरतात, कीड वाढते आणि हा दीड-दोन मिलिमीटरचा हिशेब गुपचूप बिघडत जातो. कॅप पुन्हा करून मिळते, दात मिळत नाही.

मग करायचं काय?

- निघालेली कॅप किंवा तुकडा धुऊन छोट्या डबीत ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या.
- त्या बाजूने चावू नका. ब्रश मात्र चालू ठेवा, कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा.
- फेव्हिक्विक अजिबात नको! त्याने हिरडीला इजा होते, आणि कॅप वाकडी चिकटली तर डॉक्टरांचं काम दुप्पट होतं.
- सैल कॅप तशीच तोंडात ठेवून झोपू नका, ती श्वासनलिकेत जाऊ शकते. कॅप गिळल्यावर खोकला किंवा धाप लागली तर तडक हॉस्पिटल गाठा.
- दोन-चार दिवसांत दाखवून या. सूज किंवा ताप असेल तर त्याच दिवशी.

डॉक्टरांना ‘कॅप का तुटली?’ हेही विचारा. झोपेत दात खायची सवय असेल तर नवी कॅपही तुटेल. त्यासाठी रात्री घालायचा नाइट गार्ड मिळतो.

राहिला पैशांचा प्रश्न. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी खर्च येतो. थोडं रांगेत उभं राहावं लागेल, पण फी भरायच्या रांगेची आपल्याला सवय आहेच! तेव्हा सबमिशन असो की ओरल्स, आधी दाढ दाखवून या.