कंपवात आणि घरची माणसे

लंडनमधील हॉक्स्टन भागात वैद्यकी करणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. त्यात अवघ्या सहा रुग्णांचे वर्णन होते आणि त्यांतील काही तर त्यांना केवळ रस्त्यात दिसलेले होते. एवढ्या तुटपुंज्या पुराव्याचा निबंध आज कोणी छापला असता की नाही, याची शंकाच आहे. परंतु विसावलेल्या हाताचा कंप, पुढे झुकलेले शरीर आणि चालता चालता नकळत धाव घेणारी पावले त्यांनी अचूक टिपली होती. पुढे फ्रेंच वैद्य शार्को यांनी या रोगाला पार्किन्सन यांचे नाव दिले. आपल्याकडे तो कंपवात म्हणून ओळखला जातो.

या नावामुळे एक गैरसमज मात्र रूढ झाला आहे. कित्येक रुग्णांना कंप नसतोच. हालचाल मंदावणे हे या रोगाचे खरे लक्षण होय. सदऱ्याची गुंडी लावण्यास वेळ लागतो, अक्षर बारीक होत जाते, आवाज खाली येतो आणि चेहऱ्यावरचे भाव मावळतात. नातवंड मांडीवर येऊन बसते, आजोबांना मनातून आनंद होतो. पण तो चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाही. घरची माणसे नेमकी येथे चुकतात. ती या मंदपणाला आळस म्हणतात, हट्ट म्हणतात, आणि मूल मांडीवरून उचलून नेतात. खरे नैराश्यही या रोगात येऊ शकते व त्यावर उपचार करावे लागतात. म्हणून चेहरा पाहून तर्क करण्यापेक्षा रुग्णाला विचारणे आणि उत्तर येईपर्यंत थांबणे श्रेयस्कर.

मेंदूच्या मध्यभागी काळसर पेशींचा एक पुंजका असतो. हालचालींना आवश्यक असलेले डोपामिन हे द्रव्य त्या पेशी तयार करतात. त्या हळूहळू का नष्ट होतात, हे बहुतेक रुग्णांच्या बाबतीत सांगता येत नाही. रक्तातले डोपामिन मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा मात्र शिरते व तेथे त्याचे डोपामिन बनते. खाजकुइलीच्या बियांतून हे द्रव्य मद्रासच्या संशोधकांनी १९३७ मध्येच वेगळे केले होते. रोग्यांना ते मोठ्या मात्रेत पोटातून देऊन त्याचा गुण कोत्झियास यांनी १९६७ साली दाखवून दिला. अर्थात, मनाने बिया खाणे धोक्याचे आहे, कारण त्यांत मात्रा किती हे कळत नाही.

या औषधाने रोग बरा होत नाही, शरीर मोकळे होते, आणि तेही काही तासांपुरतेच. म्हणून गोळीची वेळ पाळणे हे घराचेच काम ठरते. काही रुग्णांना दूध वा डाळ यांबरोबर गोळी घेतल्यास गुण कमी येतो. त्यांनी वैद्याच्या सल्ल्याने या दोहोंत अंतर ठेवावे.

उंबरठ्याशी येताच पाय जमिनीला खिळल्यासारखे होणे, हा अनुभव अनेकांना येतो. अशा वेळी हात धरून ओढू नये, तोल जातो. क्षणभर थांबू द्यावे. जमिनीवर एक ठळक रेघ आखलेली असली, किंवा कोणी ठेक्यात एक-दोन, एक-दोन म्हटले, की पुष्कळदा तोच पाय आपला आपण उचलला जातो.