परसातला विंचू आणि शेजारच्या आजी

उन्हाळा संपता संपता, पाऊस लागण्याआधी, नाते येथील आमच्या घरामागचा ढासळलेला दगडी गडगा काढून तिथे भाजीचे वाफे करायचे ठरवले. दोन गडी लावले आणि त्याच दिवसापासून शेजाऱ्यांची रीघ लागली. "डॉक्टर, हद्द सरकवताय का?" "पावसाचं पाणी आमच्याकडे नाही ना येणार?" रायगड जवळ, त्यामुळे "हंडाबिंडा लागला का?" हा प्रश्न तर रोजचाच. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म याच गावचा. पण पैसा बँकेत असतो, गडग्याखाली नसतो, हे आमच्या आळीला अजून पटलेले नाही. मागच्या घरातल्या आजी सकाळपासून पडवीत सूप घेऊन बसत. तांदूळ निवडणे हे निमित्त, नजर आमच्या परसात. पत्रे लावून आडोसा करावा, इतका मी वैतागलो होतो.

चौथ्या दिवशी दवाखान्यात असताना आजींचा नातू धावत आला. "तुमच्या गड्याला विंचू चावलाय. तो काही नाही म्हणतोय, पण आजीने बघितलं, दोनदा झाडामागे जाऊन ओकला."

मी पोहोचलो तर भोवती दहा-बारा माणसे. कुणी बोटावर कांदा चोळत होते, कुणी दंडाला सुतळी आवळली होती, एक जण उतारा करणाऱ्याला आणायला निघाला होता. गडी म्हणाला, "दुखायचं कमी झालंय, डॉक्टर." ते ऐकून बाकीचे निर्धास्त झाले, माझ्या मात्र पोटात गोळा आला. अंगातला सदरा घामाने चिंब होता आणि हात बर्फासारखे गार.

वाचकहो, विंचू चावल्यावर नुसत्या ठणक्याने माणूस ओरडत असेल तर सहसा जिवाला धोका नसतो. ओकारी, भरमसाट घाम, हातपाय गार पडणे, मुलग्यांत व पुरुषांत जननेंद्रियाला ताठरता येणे, ही लाल विंचवाचे विष अंगात भिनल्याची लक्षणे आहेत. मग ठणका कमी का असेना. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी भरून रुग्ण गुदमरतो. लहान मुलांत तर हे फार झपाट्याने होते.

ही लक्षणे आपल्याच महाड तालुक्यात नोंदली गेली आहेत. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८२ साली ती 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडली आणि १९८६ मध्ये प्राझोसिन या रक्तदाबावरच्या साध्या गोळीचा उपाय तिथेच प्रसिद्ध केला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा ३० च्या घरात दगावत. ही गोळी वेळेवर मिळू लागल्यावर ते प्रमाण १ च्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

सुतळी सोडवली, ओकारी थांबवली, प्राझोसिन देऊन गड्याला आडवे केले. या गोळीने रक्तदाब उतरतो आणि रुग्ण एकदम उठला तर भोवळ येऊन पडतो. म्हणून ती घरात ठेवून आपल्या मनाने देऊ नये. मात्रा वजनावर ठरते आणि पुढचे काही तास रुग्णावर लक्ष ठेवावे लागते. हद्दीची चौकशी करणाऱ्यानेच जीप काढली. महाडला रात्रभर देखरेखीखाली ठेवले. सकाळी गड्याने चहा मागितला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

राहिलेला गडगा आम्ही दगड आधी पहारेने उलथून मगच हात घालत काढला, पायांत बूट घालून. मागच्या भिंतीला टेकवलेले सरपणही हलवले. विंचवाला अशाच सांदी लागतात.

पत्रे लावायचा बेत सोडून दिला. परवा आजी पडवीतून ओरडल्या, "डॉक्टर, मिरची तिथे लावू नका, फणसाची सावली येते." मी वाफा दोन हात पुढे घेतला.