खेळ आणि शरीर – लेखांक ६ : नडगी, बूट आणि बर्फ

स्कीइंगला निघालेल्या माणसाला भीती असते ती गुडघ्याची. प्रत्यक्षात शिकाऊ माणसाला पहिल्या दोन-तीन दिवसांत बेजार करते ती नडगी. हाड मोडत नाही, सूजही फारशी दिसत नाही, पण चौथ्या दिवशी सकाळी बूट चढवताना डोळ्यांत पाणी येते आणि उरलेला कोर्स हॉटेलच्या खिडकीतून बर्फ बघण्यात जातो. हे टाळता येते आणि त्याची तयारी हिंजवडीतच करावी लागते, म्हणून हा लेखांक.

हिंजवडीच्या आयटी पार्कातून जानेवारी-फेब्रुवारीत गुलमर्ग, औली किंवा सोलंगला जाणाऱ्यांपैकी अनेक जण मुळात पळणारे असतात. डिसेंबरात पुण्याची मॅरेथॉन, जानेवारीत मुंबईची आणि पाठोपाठ बर्फ. पळून पळून हुळहुळी झालेली नडगी ते तशीच घेऊन निघतात आणि तिच्यावर प्लास्टिकचा कडक बूट चढवतात. पळण्याचे दुखणे आणि बुटाचे दुखणे एकाच हाडाचे असले तरी कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. आपल्याला नेमके कोणते झाले आहे, हे ओळखता आले की निम्मे काम झाले.

नडगीच्या पुढच्या बाजूला हात फिरवून पाहा. कातडीखाली लगेच हाड लागते. मध्ये स्नायूची गादी नाही. हाडावरच्या पातळ आवरणात मज्जातंतूंचे जाळे असते, म्हणून पलंगाची कड लागली तरी जीव कळवळतो. स्कीच्या बुटाची जीभ नेमकी याच जागी टेकते. ती सतत टेकलेली असेल तर त्रास नसतो, कारण दाब सगळ्या नडगीवर पसरतो. पाय बुटात सैल असेल तर मात्र प्रत्येक वळणाला नडगी जिभेपासून सुटते आणि पुन्हा आपटते. दिवसभरात असे शेकडो ठोके बसतात.

त्यामुळे पहिला दोष बहुतेक वेळा मोठ्या मापाच्या बुटाचा. भाड्याच्या दुकानात गर्दी असते, बाहेर प्रशिक्षक थांबलेला असतो, बोटांना मोकळे वाटले की आपण ‘चालेल’ म्हणून मोकळे होतो. तसे करू नका. बुटाचे आतले मऊ अस्तर बाहेर काढायला सांगा, रिकाम्या कवचात पाय घाला, बोटे पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहा. एक ते दीड बोट ठीक. तीन बोटे जात असतील तर तो बूट परत करा. अस्तर घालून पुन्हा चढवल्यावर टाच जमिनीवर दोनदा आपटा, म्हणजे ती मागे नीट बसते, आणि मग बकले लावा. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम लागावीत आणि गुडघे वाकवले की सुटावीत. मोजा एकच, पातळ आणि गुडघ्यापर्यंतचा. थंडीच्या धास्तीने दोन जाड मोजे घालणे हा आपल्याकडचा हमखास प्रमाद. त्याने पाय आत सरकतो आणि घाम धरून उलट गारठतो. थर्मलच्या पायजम्याची कड बुटाच्या आत राहू देऊ नका. त्या एका चुणीने संध्याकाळपर्यंत नडगीवर लाल वळ उठतो.

दुसरा दोष उभे राहण्याचा. उतार पाहून नवखा माणूस भीतीने मागे कलतो. मागे कलला की स्की पुढे पळू लागतात, त्यांना धरून ठेवायला नडगीच्या पुढचा स्नायू सतत ताणलेला राहतो, आणि तोल सावरताना नडगी बुटावर आपटते. दुखू लागले की माणूस नडगी वाचवायला आणखी मागे कलतो आणि दुखणे वाढते. प्रशिक्षक सारखे ‘पुढे झुका’ म्हणून ओरडतात ते याचसाठी. पण झुकायचे कमरेतून नव्हे, घोट्यातून. दिवसभर खुर्चीत आणि उरलेला वेळ वाकडच्या वाहतुकीत बसणाऱ्यांचे घोटे आखडलेले असतात. भिंतीकडे तोंड करा, पायाचा अंगठा भिंतीपासून चार बोटांवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून पाहा. टेकत नसेल तर बुटाआधी घोट्याकडे लक्ष द्या.

पळणाऱ्यांचे दुखणे पुढे नसते, नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या भागात असते. काँक्रीटच्या रस्त्याला सगळे दोष देतात, पण माझ्या मते खरा गुन्हेगार बहुधा अचानक वाढवलेले अंतर असतो. स्पर्धेला दीड महिना उरला म्हणून आठवड्याचे किलोमीटर दुप्पट केले की हाडाला सावरायला वेळच मिळत नाही. अंगठ्याने ती कड घोट्यापासून वर दाबत जा. चार-पाच बोटांच्या लांबीवर सगळीकडे सारखे दुखत असेल तर तो ताण आहे. अंतर कमी करून, सायकल आणि पोहण्यावर काही आठवडे काढून तो उतरतो. मात्र एकाच ठिपक्यावर बोट ठेवताच कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत तो साध्या एक्सरेत दिसेलच असे नाही, एमआरआयमध्ये दिसतो. अशा पायाने स्कीइंगला जाऊच नये. ज्यांना उन्हाचे तोंड क्वचित दिसते त्यांनी ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे, आणि ज्या मुलींची पाळी व्यायाम वाढवल्यावर चुकू लागली आहे त्यांनी तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. कमी खाऊन जास्त पळणे हाडांना महागात पडते.

बर्फावर असताना दुखू लागलेच तर त्या दिवशी थांबा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चारदा. उघडा बर्फ कातडीला लावू नका. दुसऱ्या दिवशी बूट बदलून घ्या. फोमचा तुकडा लावायचा तर दुखऱ्या जागेवर नव्हे, तिच्या वर आणि खाली, म्हणजे मधली जागा बुटापासून सुटते. वेदनाशामक गोळी घेऊन उतारावर जाऊ नका. दुखणे दबते, इजा वाढत राहते. जोरात आपटल्यानंतर नडगी दगडासारखी टणक होत गेली, वेदना तासागणिक वाढली, पावलाला मुंग्या आल्या किंवा बोटे वर उचलेनात, तर बूट काढून तडक रुग्णालय गाठा. स्नायूंच्या कप्प्यातला दाब वाढल्याची ही लक्षणे आहेत आणि तिथे काही तासांचा उशीरही पायाला भोवतो.

तयारीला सहा आठवडे पुरेत. ऑफिसच्या जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली करा, एकदा गुडघे सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून. भिंतीला पाठ टेकवून, टाचा फूटभर पुढे ठेवून पायाचे पंजे वर उचला. पंधरा-वीस वेळा केले की नडगीपुढचा स्नायू जळजळू लागेल, तोच आपल्याला हवा आहे. भिंतीला टेकून हवेतल्या खुर्चीत मिनिटभर बसा. एक दिवसाआड एवढे केले तरी पुरे.

फेब्रुवारीचे तिकीट काढले असेल तर ही सुरुवात याच आठवड्यात करा, आणि गुलमर्गला पोहोचल्यावर बुटाच्या दुकानात अर्धा तास बिनदिक्कत घ्या. प्रशिक्षक थांबेल. पुढच्या आठवड्यात गुडघ्याविषयी.