नव्या भट्टींतील अग्नि रुसतो तेव्हां

२०२५ सालच्या जानेवारीची वीस तारीख. संक्रांत होऊन सहा दिवस झाले होते, डब्यांत अजून तिळगूळ शिल्लक होता, आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिनेसोटा येथें बाहेरचा पारा शून्याखालीं वीस अंशांच्याही खालीं उतरला होता. पहाटे चारच्या सुमारास सूनबाईंनीं आमच्या दारावर हलकेंच टकटक केलें. "बाबा, जागे आहांत का? फर्नेस चालू होत नाहीं. घर गार पडत चाललें आहे."

घरांत चार महिन्यांची नात. भिंतीवरचें यंत्र नेहमीं वीस अंश दाखवीत असे, तें चौदांवर आलें होतें. ज्यांनीं तो देश ऐन हिंवाळ्यांत पाहिला नाहीं, त्यांस ह्या बातमीची धास्ती कळणें कठीण. आपल्याकडे चूल विझली तर फार तर एक जेवण उशिरा होतें. तिकडे भट्टी विझली तर प्रथम सारीं माणसें एका खोलींत गोळा होतात. मग भिंतींतील नळांचें पाणी गोठतें, गोठतांना तें फुगून नळ फोडतें, आणि थंडी ओसरली कीं घरांत पूर येतो. म्हणून अशा रात्रीं नळ बारीक धारेनें सुटे ठेवण्याची तिकडे रीत आहे. आम्हींही आधीं तेंच केलें, बाळंतिणीस व मुलीस विजेच्या लहान शेगडीजवळ बसविलें, आणि मग चिरंजीव व मी भट्टीपाशीं गेलों.

नवल हें कीं, ही भट्टी महिन्यापूर्वींच बसविलेली, अगदीं नवी कोरी होती. दुकानदारास फोन करावा तर तो सोमवार मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्या स्मरणार्थ असलेल्या सुटीचा. "मंगळवारीं येऊं" असें यंत्रानेंच उत्तर दिलें. दुसऱ्या एका दुकानांत माणूस भेटला, परंतु त्याच्या दारीं त्या रात्रीं आमच्यासारख्यांची रांग लागली होती.

ह्या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें आतां तिकडे संसार करीत आहेत, आणि सासूसासऱ्यांचा मुक्काम कधीं हिंवाळ्यांतही पडतो. म्हणून ही भट्टी काय असते तें थोडक्यांत सांगतों. विज्ञान हा माझा विषय नव्हे. जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. पण त्या पहाटे जें पाहिलें तें समजण्यास विज्ञानाची पदवी लागत नाहीं, थोडा धीर लागतो.

नळानें आलेला नैसर्गिक वायु भट्टींत जळतो. जळल्यावरचा धूर पत्र्याच्या पोकळ कोठ्यांतून फिरून घराबाहेर जातो, आणि त्याच कोठ्यांच्या बाहेरच्या अंगावरून एक मोठा पंखा घरांतील हवा फिरवितो. धूर आंतून, हवा बाहेरून. दोघांची कोठेंही गांठ पडतां कामा नये. वायूवर घर तापविण्याच्या अशा एका योजनेचें पेटंट १९१९ सालीं न्यू जर्सींतील अ‍ॅलिस पार्कर ह्या बाईंनीं मिळविलें होतें. जुन्या भट्ट्यांत एक बारीक ज्योत नंदादीपासारखी अहोरात्र तेवत असे व तिच्यावर मोठा अग्नि पेटे. नव्या भट्टींत नंदादीप नाहीं. तेथें प्रत्येक वेळीं अग्नि नव्यानें उत्पन्न करावा लागतो, यज्ञांत अरणींचें मंथन करून करतात तसा. अग्निमंथन ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस ठाऊक असेल कीं, आधीं दोरीची घुसळण, मग धूर, मग ठिणगी, मग ती ठिणगी अलगद झेलून फुंकणें, असा तेथें क्रम असतो. मधली एक पायरी चुकली तर पुन्हां पहिल्यापासून.

भट्टीचाही असाच क्रम आहे. घर गार झालें कीं भिंतीवरील थर्मोस्टॅट हांक मारतो. ती हांक ऐकून एक लहान पंखा धूर बाहेर ओढण्यासाठीं फिरूं लागतो. त्याची ओढ खरोखर लागली कीं नाहीं हें एका बारीक रबरी नळीनें जोडलेली दाबाची कळ पाहते, व खात्री पटली तरच मिटते. मग एक लहानशी कांडी तापून नारिंगी-पांढरी होते. मग वायूची झडप उघडते व ज्योती पेटतात. पेटल्या हें एक सळई पारखते, आणि तिनें थोड्या क्षणांत ग्वाही दिली नाहीं तर झडप मिटते. शेवटीं, अर्ध्याएक मिनिटानें, मोठा पंखा गरम हवा घरभर सोडतो. अशा ह्या सात पायऱ्या. भट्टी कांहीं वेळां प्रयत्न करते आणि मग हट्टानें बंद होऊन बसते. पुन्हां पेटवावयाची तर तिची वीज बंद करून चालू करावी लागते.

लोक चुकतात तें येथें. पेटत नाहीं म्हटल्याबरोबर "कांडी गेली" किंवा "बोर्ड गेला" असें ठरवून मोकळे होतात, नाहींतर वीज पुन्हां पुन्हां बंदचालू करीत बसतात. हें दुसरें फार वाईट, कारण प्रत्येक प्रयत्नांत थोडा वायु न जळतां आंत सुटूं शकतो व पुढें एकदम पेट घेतो. भट्टीचें वरचें दार काढून, खालचें मात्र मिटलेलें ठेवून (खालच्या दारास कळ असते, तें उघडें असेल तर भट्टी चालतच नाहीं), शांतपणें बसून पाहावें कीं ती कोणत्या पायरीवर थांबते. शिवाय आंतील सर्किट बोर्डावर एक दिवा लुकलुकत असतो. तो किती वेळां लुकलुकला म्हणजे काय समजावें, तें दाराच्या आंतील बाजूस चिकटविलेल्या कागदावर छापलेलें असतें.

आम्हीं पाहिलें. हांक आली, लहान पंखा फिरूं लागला, आणि पुढें कांहींच नाहीं. कांडी काळीच राहिली. दिवा तीनदां लुकलुकला, आणि कागदावर त्यापुढें लिहिलें होतें: दाबाची कळ.

चिरंजीवांनीं आपल्या एका मित्रास फोन लाविला. तो म्हणाला, "सोपें आहे. पंखा सुरू झाला कीं त्या कळेच्या दोन तारा एकमेकींस जोडून टाक. लगेच पेटेल." सल्ला खोटा नव्हता, पेटली असती. आणि खरें सांगावयाचें तर माझेंही मन तिकडे झुकलें, कारण मघांच मी नातीचे पाय हातांत घेतले होते आणि ते गार होते. चिरंजीवांनीं पक्कडही काढली. तेवढ्यांत सूनबाई मुलीस शालींत गुंडाळून दारांत येऊन उभ्या राहिल्या व म्हणाल्या, "ती कळ तेथें कशासाठीं ठेवली आहे, एवढें तरी आधीं कळूं द्या."

कळ ठेवली आहे ती धुराची वाट मोकळी आहे ना हें पाहण्यासाठीं. वाट तुंबली असतां अग्नि पेटला तर त्यास पुरेसा प्राणवायु मिळत नाहीं, आणि अशा अर्धवट जळण्यांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां ह्या विषास दोनशेंहून अधिक पटीनें घट्ट धरून ठेवतें. माणसाचें डोकें दुखतें, मळमळतें, झोंप येते, आणि ती झोंप मोडत नाहीं. कळ रुसली होती ती आमच्या जिवासाठीं. चिरंजीवांनीं पक्कड खालीं ठेवली.

आतां वाट कोठें तुंबली हें शोधावयाचें. चिरंजीव टोप्यामोजे चढवून बाहेर गेले. धुराच्या नळीचें तोंड बर्फापासून मोकळें होतें. रबरी नळी जागेवर होती व तिला चीर नव्हती. मग मला पाण्याची आठवण झाली. जुन्या भट्टीचा धूर कढत असे. नव्या भट्टींत धुरांतील उष्णता इतकी काढून घेतात कीं त्यांतील वाफेचें पाणी होतें, आणि धूर एवढा निवतो कीं त्यास प्लॅस्टिकची नळी पुरते. थंडीच्या दिवसांत हें पाणी रोज कित्येक लिटर निघतें व त्यास वेगळी निचऱ्याची नळी लागते. आकाशापासून वायु, वायूपासून अग्नि, अग्नीपासून जल, हा तैत्तिरीय उपनिषदांतील क्रम मीं वर्षानुवर्षें मुलांना समजावून सांगितला. अग्नीपासून जल होतांना मात्र प्रथम मिनेसोटांत पाहिलें. आल्या दिवसापासून त्या भट्टीजवळ मला ठिबक ठिबक असा आवाज ऐकूं येत असे. त्या पहाटे तो नव्हता.

निचऱ्याची ती नळी भिंत ओलांडून पलीकडील मोटारीच्या गाळ्यांत गेली होती, आणि तेथें बाहेरच्या भिंतीला लागून पांचसहा हात आडवी चालली होती. तो गाळा कधीं तापविला जात नाहीं. सौम्य थंडींत पाणी वाहून जात असे. त्या रात्रीं तें नळींतच गोठलें, मागचें पाणी भट्टीच्या पोटांत तुंबलें, आणि धुराची वाट अडली. बसविणाऱ्यानें जवळचा मार्ग धरला होता, एवढाच काय तो त्याचा अपराध. पण तो महिनाभर दिसून आला नाहीं.

भट्टीची वीज बंद करून गरम पाण्यांत पिळलेलीं फडकीं आम्हीं त्या नळीस गुंडाळीत राहिलों. अर्ध्या तासानें करंगळीएवढा बर्फाचा खडा बादलींत पडला व मागून दोन तांबे पाणी आलें. वीज सुरू केली. पंखा, कळ, कांडी, आणि मग निळ्या ज्योतींची ओळ एकामागून एक पेटत गेली. तेव्हां सवासहा वाजले होते. मंगळवारीं दुकानाचा तरुण कारागीर आला. त्यानें मुकाट्यानें ती नळी काढली व घराच्या आंतूनच, उतार देऊन, कपडे धुण्याच्या यंत्राजवळील मोरीपर्यंत नेली. पैसे मागितले नाहींत.

त्याच्याशीं बोलतांना नव्या भट्ट्यांचीं आणखी दुखणीं समजलीं. वायूच्या नव्या नळांत हवा राहिली तर पहिल्या दिवशीं भट्टी पेटत नाहीं. ती हवा काढणें हें जाणत्याचेंच काम. वायूच्या तोटीचा दांडा नळीला आडवा असेल तर तोटी बंद आहे. थर्मोस्टॅटांत बॅटरी असेल तर ती मेलेली असूं शकते. हीं हंसण्यासारखीं कारणें आहेत, पण कारागिराच्या फेऱ्या पुष्कळदां ह्यांच्यासाठींच होतात असें तो म्हणाला.

मला खरें कौतुक वाटलें तें ज्योत पारखणाऱ्या सळईचें. ज्योतींत विद्युद्भारित कण असतात, म्हणून ज्योत ही विजेची वाट होऊं शकते. सळईस उलटसुलट वाहणारी वीज दिलेली असते. सळई बारीक व बर्नरचें अंग मोठें, ह्या असमानतेमुळें ज्योतींतून जाणारा प्रवाह एकाच दिशेस अधिक वाहतो. अँपिअरचे दहा लक्ष भाग केले तर त्यांतील एकापासून पांचसहा भाग, इतका तो बारीक! सळई चुकून धातूस टेकली तरी असा एकदिशा प्रवाह उत्पन्न होत नाहीं, आणि खोट्या साक्षीस भट्टी फसत नाहीं. परंतु सळईवर धुळीचें पुट बसलें, किंवा भट्टीस जमिनीशीं जोडणारी तार सैल राहिली, किंवा बसवितांना विजेच्या दोन तारांची अदलाबदल झाली, तर ज्योत डोळ्यांदेखत पेटते आणि चारपांच क्षणांत विझते. पुट असेल तर वीज व वायु बंद करून, एक स्क्रू काढून, बारीक तारेच्या चोथ्यानें सळई हलकेंच पुसावी. शेजारच्या कांडीस बोट लावूं नये, ती फार ठिसूळ असते. तारांची गोष्ट असेल तर कारागिरासच बोलवावें.

आणि वायूचा वास येत असेल तर ह्यांतलें कांहींच करूं नये. विजेचें बटणही न दाबतां मुलाबाळांसह बाहेर पडावें व बाहेरून फोन करावा. तो वास वायूचा स्वतःचा नव्हे, मुद्दाम मिसळलेला असतो. १८ मार्च १९३७ रोजीं टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेखालीं असा बिनवासाचा वायु सांचला होता. शाळा सुटावयास थोडाच अवकाश असतां एका शिक्षकानें लाकूड घासण्याचें विजेचें यंत्र सुरू केलें, आणि सुमारें तीनशें मुलें व शिक्षक मरण पावले. त्यानंतर टेक्सासनें वायूंत वास मिसळण्याचा कायदा केला. मास्तरकी केलेल्या माणसास ती हकीकत वाचून पुढें वाचवत नाहीं.

आपल्याकडे भट्ट्या नाहींत, पण वायूवर चालणारे पाण्याचे बंब न्हाणीघरांत आले आहेत. तेथें पेटविण्याची ठिणगी बहुधा दोन मोठ्या बॅटऱ्यांवर पडते, आणि पाण्याचा जोर कमी असला तर ती पडत नाहीं. गच्चीवरील टांकी फार उंच नसली कीं नवा बंब नेमका येथेंच अडतो. हें दुखणें साधें आहे. दार-खिडकी लावून स्नान करतांना तो पेटलेला असणें हें साधें नव्हे. विष तेंच, जागा मात्र फार लहान. बंब न्हाणीघराबाहेर, उघड्या हवेंत बसवावा.

निघण्यापूर्वीं मीं त्या सात पायऱ्या मराठींत, मोठ्या अक्षरांत लिहून भट्टीच्या दारावर चिकटविल्या. चिरंजीव हंसले, कारागिरास त्या कशा वाचतां येणार? पण त्या कारागिरासाठीं नव्हत्याच. त्याच वर्षीं कार्तिकांत सूनबाईंचा फोन आला. खालच्या खोलीच्या भिंती घासून घेतल्या होत्या, घरभर पांढरी धूळ झाली होती, आणि भट्टी पेटून पेटून विझत होती. "बाबा, सहाव्या पायरीवर थांबत होती," त्या म्हणाल्या. "सळई पुसली. आतां चालली आहे."