बेन होगन – मोडलेल्या पायांनी जिंकलेला खेळाडू



आपण क्रिकेट खेळतो, कबड्डी खेळतो, विटीदांडू खेळतो. पण गोल्फ हा खेळ आपल्या गावात कोणीच खेळत नाही. मी पण तो खेळलेलो नाही. गुरुजींनी परिपाठाच्या वेळी एका गोल्फ खेळाडूची गोष्ट सांगितली. ती मला इतकी आवडली की मी गुरुजींना पुन्हा पुन्हा विचारून सगळी माहिती वहीत लिहून घेतली. तीच इथे देत आहे.

आधी खेळ समजून घेऊ. गोट्या खेळताना आपण जमिनीत गल करतो ना, तसंच गोल्फमध्ये गवतात छोटं भोक असतं. ते साधारण ११ सेंटिमीटर रुंद असतं. लांबून काठीने चेंडू मारत मारत त्या भोकात घालायचा. अशी १८ भोकं असतात. मैदान एवढं मोठं असतं की १८ भोकं पुरी करायला सहा किलोमीटरच्या वर चालावं लागतं. क्रिकेटमध्ये ज्याच्या धावा जास्त तो जिंकतो. गोल्फमध्ये उलटं आहे. ज्याचे फटके कमी तो जिंकतो.

बेन होगन यांचा जन्म १३ ऑगस्ट १९१२ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात झाला. त्यांचे वडील लोहार होते. बेन नऊ वर्षांचा असताना वडील वारले. नऊ वर्षं म्हणजे आपल्या तिसरी-चौथीतल्या मुलाएवढा. घरात पैसे नव्हते. बेन फोर्टवर्थ शहरात रेल्वे स्टेशनवर वर्तमानपत्रं विकायचा. मग त्याला कळलं की गोल्फच्या मैदानावर कॅडीचं काम मिळतं. कॅडी म्हणजे खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन मागे मागे चालणारा मुलगा. तो अकराव्या वर्षी कॅडी झाला. दुसऱ्यांचं ओझं वाहता वाहता तो खेळ शिकला.

१९३० साली सतराव्या वर्षी तो धंदेवाईक खेळाडू झाला, म्हणजे खेळूनच पोट भरायचं. पण सुरुवातीला जमलंच नाही. पैसे संपले की घरी परत यावं लागायचं. १९३८ साली ओकलंड गावी स्पर्धा चालू असताना चोरांनी त्याच्या मोटारीची चाकंच काढून नेली! तरी तो खेळला आणि थोडे पैसे मिळाले. तो रोज सराव करायचा. दुसरे खेळाडू घरी गेले तरी हा चेंडू मारतच असायचा. एकट्याने पहिली स्पर्धा त्याने १९४० साली जिंकली. म्हणजे दहा वर्षं गेली! १९४८ साली त्याने अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली. आता सगळं चांगलं चाललं होतं.

पण २ फेब्रुवारी १९४९ रोजी घात झाला. बेन आणि त्याची बायको व्हॅलेरी मोटारीतून जात होते. सकाळी दाट धुकं होतं. एका अरुंद पुलावर एक बस ट्रकला मागे टाकायला म्हणून यांच्या बाजूला आली आणि समोरून धडकली. धडक बसायच्या आत बेनने बायकोला वाचवायला तिच्या अंगावर आडवी उडी घेतली. धडकेने स्टिअरिंगचा दांडा बेनच्या रिकाम्या सीटमधून आरपार गेला. तो जागेवर बसून राहिला असता तर मेलाच असता. बायकोला वाचवायला गेला म्हणून तो पण वाचला.

त्याचं कमरेचं हाड दोन ठिकाणी मोडलं. गळ्याजवळचं हाड, घोटा आणि बरगडी यांना पण मार बसला. नंतर रक्ताच्या गुठळ्या झाल्या म्हणून डॉक्टरांनी पोटातली मोठी शीर बांधली. ५९ दिवस तो दवाखान्यात होता. लोक म्हणाले, आता हा नीट चालला तरी पुष्कळ.

शीर बांधल्यामुळे त्याचे पाय सुजायचे. तरी १६ महिन्यांनी, जून १९५० मध्ये, तो मेरिअन इथे अमेरिकन खुल्या स्पर्धेत उतरला. पायांना पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी एकाच दिवसात ३६ भोकं खेळायची होती. म्हणजे बारा किलोमीटरच्या वर चालायचं. आपल्या गावाहून बाजाराला चालत जाऊन परत येण्याएवढं! शेवटी शेवटी त्याला पाऊल उचलवत नव्हतं. तरी शेवटच्या भोकाला त्याने लांबून असा फटका मारला की तो बरोबरीत आला.

तिघांची बरोबरी झाली. दुसऱ्या दिवशी परत खेळ झाला. बेनचे फटके ६९, मँग्रमचे ७३ आणि फॅझिओचे ७५ झाले. गंमत म्हणजे चेंडूवर किडा बसला म्हणून मँग्रमने चेंडू उचलून फुंकर मारली आणि त्याला दोन फटक्यांचा दंड झाला. मी हिशेब करून पाहिला. दंड नसता तरी ७१ झाले असते. म्हणजे बेनच जिंकला असता.

१९५३ साली तर कमालच झाली. मास्टर्स, अमेरिकन खुली आणि ब्रिटिश खुली या तिन्ही मोठ्या स्पर्धा त्याने जिंकल्या. स्कॉटलंडला त्याचे फटके ७३, ७१, ७०, ६८ झाले. दर खेपेला कमीच! परत आल्यावर न्यूयॉर्कमध्ये त्याची मिरवणूक निघाली.

लक्षात ठेवा. मोठ्या स्पर्धा एकूण ९ जिंकल्या. अपघाताआधी ३ आणि अपघातानंतर ६.

बेन होगन २५ जुलै १९९७ रोजी वारले. तेव्हा ते ८४ वर्षांचे होते.

हा लेख मी आजीला वाचून दाखवला. मला वाटलं ती म्हणेल, बघ, किती बक्षिसं मिळवली. पण आजी म्हणाली, "बक्षिसं राहू दे बाळा. मरण समोर दिसताना बायकोच्या अंगावर आडवा झाला, तिथंच तो जिंकला."

मला आजीचं पटलं. पण मित्रांनो, पट्ट्या बांधून बारा किलोमीटर चालणं पण सोपं नाही. म्हणून मी दोन्ही लिहिलं.

– इयत्ता ४ थी